प्रिमितीव्होचें माहेर

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. शोधूं गेल्यास मोठेपणाचा आरंभ बहुधा एखाद्या लहानशा, कोणाच्या नजरेंत न भरणाऱ्या ठिकाणीं सांपडतो आणि भक्तांची निराशा होते, असा तिचा आशय असावा. परंतु इतिहास लिहूं पाहणाऱ्यास ही म्हण मानून चालत नाहीं. मूळ लहान निघालें तरी तें पाहिलेंच पाहिजे. किंबहुना तें लहान कां राहिलें आणि पुढचा प्रवाह मोठा कसा झाला, हाच त्याच्या जिज्ञासेचा विषय असतो. प्रस्तुत लेखांत आम्ही ऋषीच्या किंवा नदीच्या नव्हे, तर एका द्राक्षवेलीच्या कुळाचा शोध वाचकांपुढें मांडणार आहों. दक्षिण इटलींतील एक गडद तांबडें मद्य हिच्यापासून होतें. हिच्यावर दोन खंडांतील लोकांनीं हक्क सांगितला, एका समुद्राच्या दोन्ही कांठांवरील शेतकऱ्यांनीं आपलें बरेंवाईट हिच्या स्वाधीन केलें, आणि अखेरीस हिचें माहेर सांपडलें तें एका जुन्या मळ्यांत उरलेल्या अवघ्या ९ वेलींच्या रूपानें.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. त्या बुटाच्या टांचेचा जो प्रांत त्यास पुलिया म्हणतात. एका बाजूस आड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या बाजूस आयोनियन समुद्र, मध्यें चुनखडीच्या खडकावर पसरलेली तांबडी माती, नद्यांचा जवळजवळ अभाव आणि कोरडा, कडक उन्हाळा, असें या प्रांताचें स्वरूप आहे. येथें झाड जगतें तें ऑलिव्हचें आणि वेल जगते ती द्राक्षाची. याच टांचेंत, आयोनियन समुद्रापासून थोडें आंत, मांदूरिया नांवाचें गांव आहे. गांव फार जुनें. मेसापियन लोकांनीं बांधलेल्या त्याच्या तटाचे अवशेष आजहि उभे आहेत, इ. स. पूर्व ३३८ मध्यें स्पार्टाचा राजा तिसरा आर्किडामस याच तटाजवळ लढतांना मारला गेला. आणि रोमन ग्रंथकार प्लिनी यानें, येथील एका जलाशयाचें पाणी उपसल्यानें कमी होत नाहीं व भर घातल्यानें वाढत नाहीं, असें नमूद करून ठेविलें आहे. इतका जुना वारसा सांगणाऱ्या या गांवाचें नांव आज जगांत चालतें तें मात्र राजामुळें नव्हे आणि तटामुळेंहि नव्हे; तें 'प्रिमितीव्हो दि मांदूरिया' या मद्यामुळें चालतें. आणि गंमत अशी कीं, हें मद्य ज्या वेलीचें, ती वेल मांदूरियांत आली तीच मुळीं एकोणिसाव्या शतकाच्या उतरत्या काळांत.

'द्राक्षासव' हा शब्द उच्चारतांच आमच्या वाचकांस वैद्याच्या कपाटांतील बाटली आठवेल. प्रिमितीव्होचा त्या बाटलीशीं संबंध नाहीं. परंतु दोहोंमागील क्रिया एकच आहे. रसांतील साखर किण्वाच्या योगें मद्यार्कांत बदलते. अर्थात् साखर जितकी अधिक तितकें मद्य कडक. प्रिमितीव्होच्या रसांत साखर फार, आणि त्याचें कारण वेलीच्या स्वभावांतच आहे. ही वेल इतर अनेक जातींच्या आधीं पिकते. ऑगस्टच्या अखेरीस वा सप्टेंबरच्या आरंभीं, म्हणजे ऊन अजून प्रखर असतांना, तिची तोडणी होते. तिचा घडहि एकसारखा पिकत नाहीं. एकाच घडांत कांहीं मणी हिरवे, कांहीं पिकलेले आणि कांहीं वेलीवरच सुकून मनुक्यांसारखे झालेले आढळतात. हे सुकलेले मणी रसाची गोडी वाढवितात, आणि मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १४ किंवा त्याहूनहि वर जातें. शिवाय मुख्य तोडणी झाल्यावर बगलफुटींवरील लहान घड कांहीं आठवड्यांनीं पिकतात आणि त्यांची दुसरी तोडणी करतां येते. जुन्या मळ्यांतून ही वेल मांडवावर चढविलेली नसते. आखूड खोडाच्या झुडपासारखी ती जमिनीलगत वाढवितात. इटालियन शेतकरी या पद्धतीस 'आल्बेरेल्लो' म्हणजे 'लहान झाड' म्हणतो. अशा झुडपाचें उत्पन्न थोडें आणि कष्ट फार. पण थोड्या पाण्यावर तग धरण्याची हिकमत त्याच्या अंगीं असते.

या वेलीस हें नांव दिलें तें एका पाद्रीबोवांनीं. मांदूरियाच्या वायव्येस, बारी शहराच्या बाजूच्या पठारावर, जोया देल कोल्ले नांवाचें गांव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील धर्मोपदेशक डॉन फ्रान्चेस्को फिलिप्पो इन्देल्लिकाती यांच्या नजरेस असें आलें कीं, मळ्यांत मिसळून लावलेल्या अनेक जातींपैकीं एक वेल इतरांच्या आधीं पिकते. त्यांनीं तिच्या काड्या निवडून काढल्या आणि १७९९ मध्यें तिचा स्वतंत्र मळा लावला. 'आधीं पिकणारी' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनीं तिला 'प्रिमातीव्हो' म्हटलें, आणि त्याचेंच पुढें 'प्रिमितीव्हो' झालें. इंग्रजी शब्दाच्या साम्यामुळें या नांवाचा अर्थ 'आदिम' असा करण्याचा मोह होतो, तो वाचकांनीं आवरावा. तसेंच हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, पाद्रीबोवांनीं वेल निर्माण केली नाहीं. त्यांनीं ती ओळखली. ओळखणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु नांव ठेवलें म्हणजे कूळ कळलें असें होत नाहीं. ती वेल त्या मळ्यांत मुळांत आली कोठून, हा प्रश्न नामकरणानंतरहि जेथल्या तेथेंच राहिला. पुलियांत हिला कांहीं लोक 'झागारेसे' असेंहि म्हणत, आणि त्या शब्दांत समुद्रापलीकडील झाग्रेब नगराचा ध्वनि कित्येकांस ऐकूं येतो. पण त्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं.

जोयाहून ती मांदूरियास कशी गेली याची कथा आपल्याकडील वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. परंपरा अशी सांगते कीं, १८८१ मध्यें आल्तामूरा येथील साबिनी घराण्यांतील कन्या मांदूरियास दिली गेली, तेव्हां तिच्याबरोबर दिलेल्या चीजवस्तूंत प्रिमितीव्होच्या काड्याहि होत्या. आपल्याकडे रुखवतांत माहेरच्या हातांनीं केलेले जिन्नस मांडतात. या नवरीच्या रुखवतांत माहेरची वेल होती. ती सासरच्या मातींत रुजली, आणि पठारावरच्यापेक्षां समुद्राजवळच्या उष्ण हवेंत तिचें मद्य अधिकच गडद व कडक होऊं लागलें.

परंतु ती रुजली म्हणून तिचें नांव झालें असें मात्र नव्हे. या कथेंतील पहिली विषादाची गोष्ट येथें आहे. उत्तर इटलींत आणि फ्रान्समध्यें थंड हवेमुळें पुष्कळदां मद्य फिकें व कमकुवत निघतें. त्यास रंग व जोर आणण्यासाठीं दक्षिणेचें कडक मद्य त्यांत मिसळावयाचें, अशी व्यापाऱ्यांची रीत होती. पुलियाचें मद्य याच कामासाठीं पिंपें भरभरून बाहेर जाई. बाटलीवर नांव लागे तें उत्तरेच्या गांवाचें. आंतला जोर असे दक्षिणेचा. घरांतील सर्व कामें जिच्यावर चालतात तिचें नांव पाहुण्यांस कधींच ठाऊक नसतें, तसा हा प्रकार. पुलियाचा शेतकरी दर वर्षीं आपली तांबडी माती, आपलें ऊन आणि आपला घाम विकीत होता; आणि त्या विक्रींत आपलें नांव मात्र त्याला फुकट द्यावें लागत होतें.

कांहीं काळ हा सौदा फायद्याचा ठरला, तोहि दुसऱ्याच्या दुर्दैवानें. १८६० नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत फायलॉक्सेरा नांवाची अमेरिकेंतून आलेली सूक्ष्म कीड शिरली. ही कीड मुळांवर जगते आणि वेल आंतून मारते. १८७५ मध्यें फ्रान्सनें ८ कोटींहून अधिक हेक्टोलिटर मद्य काढलें होतें. १८८९ पर्यंत तें प्रमाण त्याच्या एक तृतीयांशाहूनहि खालीं आलें. फ्रेंच व्यापारी दक्षिण इटलीच्या बंदरांकडे धांवले. बारी आणि बार्लेत्ता येथून पिंपें जाऊं लागलीं, कर्जें काढून नवे मळे लागले, धान्याचीं शेतें मोडून वेली लावल्या गेल्या. इतक्यांत इटली आणि फ्रान्स यांचें जकातीवरून वितुष्ट आलें. १८८७ मध्यें इटलीनें जकाती वाढविल्या, १८८८ मध्यें उभयतांचा व्यापारी करार संपुष्टांत आला, आणि फ्रान्सकडे जाणारा मद्याचा ओघ एक-दोन वर्षांत जवळजवळ आटला. पिंपें भरलेलीं राहिलीं आणि घरें रिकामीं झालीं. पुलियाच्या सावकारी पेढ्या डबघाईस आल्या. असंख्य कुटुंबें कर्जांत बुडालीं. ज्यानें आपल्या नांवानें माल विकला नाहीं त्यास संकटाच्या वेळीं आपल्या नांवाचा ग्राहकहि नसतो, हा धडा त्या प्रांतास फार महाग पडला.

आतां आपण अटलांटिकपलीकडे जाऊं. कॅलिफोर्नियांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर्वांत अधिक लोकप्रिय झालेलें काळें द्राक्ष म्हणजे झिनफांडेल. सोन्याच्या शोधांत आलेल्या लोकांच्या वसाहतींभोंवतीं त्याचे मळे लागले आणि १८८० नंतर तर त्या राज्यांतील मद्याचा तें मुख्य आधारच होऊन बसलें. युरोपांत या नांवाचें काळें द्राक्ष कोणासच ठाऊक नव्हतें. तेव्हां हें आमचें स्वतःचें द्राक्ष, असें कॅलिफोर्नियाच्या लोकांनीं अभिमानानें म्हणावें हें स्वाभाविकच होतें. तें आलें कोठून, याचें उत्तर अर्पाद हाराझ्थी नांवाच्या गृहस्थानें दिलें. आपले वडील आगोस्टन हाराझ्थी यांनींच तें हंगेरीहून आणविलें, असें तो सांगे. आगोस्टन हा मनुष्य असाधारण खरा. हंगेरींतून तो १८४० मध्यें अमेरिकेस आला, सोनोमा येथें त्यानें मोठा मळा उभारला, १८६१ मध्यें युरोपभर हिंडून हजारों काड्या आणल्या, आणि १८६९ मध्यें निकाराग्वांतील एका नदीपाशीं तो नाहींसा झाला. अशा पुरुषास एका द्राक्षाचें जनकत्व दिलें तर कोण हरकत घेणार? जवळजवळ शंभर वर्षें ही कथा पुस्तकांतून छापली गेली.

चार्ल्स सलिव्हन या इतिहासकारानें मात्र ती तपासून पाहिली. रोपवाटिकांच्या जुन्या याद्या, बागाइतदार मंडळांच्या प्रदर्शनांचे वृत्तांत असा नीरस वाटणारा कागद त्यानें चाळला. आणि त्यांतून असें दिसून आलें कीं, आगोस्टन अमेरिकेंत पाऊल ठेवण्यापूर्वींच हें द्राक्ष तेथें पोंचलेलें होतें. लाँग आयलंड येथील जॉर्ज गिब्ज यानें १८२० नंतरच्या दशकांत व्हिएन्नाच्या शाही संग्रहांतून वेली मागविल्या होत्या. विल्यम प्रिन्स यानें १८३० सालच्या आपल्या द्राक्षविषयक ग्रंथांत 'झिनफार्डेल' असें नांव नोंदलें होतें. आणि १८३० नंतर बोस्टनचे हौशी बागवान हें द्राक्ष काचगृहांत वाढवून खाण्यासाठीं प्रदर्शनांत मांडीत होते. तेथूनच तें १८५० नंतर समुद्रमार्गें कॅलिफोर्नियास गेलें. पितृभक्ति हा सद्गुण आहे; पण तो पुरावा नव्हे. नांवाचा घोटाळा बहुधा वाटेंत झाला असावा, कारण ऑस्ट्रिया-हंगेरीच्या भागांत 'त्सिरफांडलर' नांवाचें एक द्राक्ष आहे, परंतु तें पांढरें असून त्याची जात अगदीं निराळी आहे.

अशा रीतीनें एका समुद्राच्या कांठीं प्रिमितीव्हो आणि दुसऱ्या महासागराच्या कांठीं झिनफांडेल, एकमेकांची वार्ता नसतां, नांदत होतीं. १९६७ मध्यें अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील वनस्पतिरोगतज्ज्ञ ऑस्टिन गोहीन हे बारी येथें आले असतां त्यांस तेथील मद्य ओळखीचें वाटलें. वेल पाहतांच संशय बळावला. पुढील वर्षीं प्रिमितीव्होच्या काड्या कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथें नेऊन झिनफांडेलच्या शेजारीं लावल्या. पान, घड, मणी, पिकण्याचा काळ, सारें जुळलें. १९७५ च्या सुमारास रासायनिक कसोटीनेंहि तोच कौल दिला, आणि १९९४ मध्यें डॉ. कॅरोल मेरेडिथ यांच्या प्रयोगशाळेनें डीएनएच्या साह्यानें शंका उरूं दिली नाहीं. दोन्ही वेली एकच होत्या.

येथें 'एकच' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. धान्य बीं पेरून होतें. त्यांत प्रत्येक पिढी नवी. द्राक्षाचें तसें नाहीं. द्राक्षाचें बीं पेरल्यास आईसारखी वेल निघत नाहीं, म्हणून शेतकरी काडी तोडतो आणि ती लावतो. काडींतून उगवलेली वेल ही आईची मुलगी नव्हे. ती आईच असते. अर्थात् मांदूरियाची वेल आणि कॅलिफोर्नियाची वेल ह्या बहिणी नव्हत. कधीं काळीं एका बियांतून उगवलेल्या एकाच वेलीचें तें शरीर आहे. माणसांनीं हातोहात नेऊन तें पृथ्वीवर पसरविलें. कागद जळतात, माणसें विसरतात, मुलगे बापाचें मोठेपण वाढवून सांगतात. पण काडी आपली साक्ष फिरवीत नाहीं.

मग ती पहिली वेल कोठली? पुलियाचें उत्तर सोपें होतें: आमचीच. परंतु शास्त्रज्ञांची कसोटी निराळी होती. ज्या प्रदेशांत एखादी जात जन्मते तेथें तिचें गणगोतहि सांपडतें. आई, भावंडें, लेंकरें आसपासच्या मळ्यांत असतात. पुलियांत प्रिमितीव्होस तसें नातलग आढळेनात. ती तेथें सुखांत होती, पण एकटी होती. सासरीं आलेल्या सुनेसारखी. नजर वळली ती आड्रियाटिकच्या पलीकडे, क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्याकडे. कॅलिफोर्नियांत नांवाजलेले मद्यकार माइक गर्गिच हे मूळचे तिकडचे. आपल्या गांवाकडील 'प्लावात्स माली' हें द्राक्ष झिनफांडेलच होय असें ते आग्रहानें म्हणत. १९९८ मध्यें मेरेडिथबाई डाल्मेशियांत गेल्या आणि झाग्रेब विद्यापीठांतील इव्हान पेयिच व एदि मालेतिच यांच्यासह त्यांनीं प्लावात्स मालीचे सुमारें १५० नमुने गोळा केले. निकाल अनपेक्षित आला. प्लावात्स माली ही झिनफांडेल नव्हती; ती तिची कन्या होती. दुसरें जनकत्व शोल्टा बेटावरील 'दोब्रिचिच' या जातीचें होतें. मुलगी सांपडली त्या अर्थी आई त्याच किनाऱ्यावर नांदून गेली असली पाहिजे. पण ती आतां होती कोठें?

पुढील तीन वर्षें झाग्रेबचे दोघे अभ्यासक जुने मळे धुंडीत राहिले. हें काम विद्वानांनीं दिवाणखान्यांत बसून करण्याजोगें नव्हतें. किनाऱ्यावर आणि बेटांवर जाऊन, जुन्या पिढीच्या शेतकऱ्यांस विचारून, जेथें नांव ठाऊक नसलेली वेल दिसेल तेथून पान आणावयाचें आणि तपासावयाचें. अखेर २००१ च्या डिसेंबरांत मेळ बसला. स्प्लित शहराजवळ काश्तेल नोव्हि येथील एका जुन्या मळ्यांत अनेक जातींच्या गर्दींत 'त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की', म्हणजे 'काश्तेलाचें तांबडें', या साध्या नांवाच्या ९ वेली होत्या. त्याच प्रिमितीव्हो, त्याच झिनफांडेल. लौकरच ओमिश गांवाच्या बाजूस 'प्रिबिद्राग' नांवानें ओळखली जाणारी आणखी एक वेल मिळाली. या नांवानें अभ्यासकांचे कान टवकारले. कारण पंधराव्या शतकापासूनच्या डाल्मेशियाच्या कागदपत्रांत 'त्रिबिद्राग' नांवाच्या मद्याचा उल्लेख येतो. स्प्लितच्या निसर्गविज्ञान संग्रहालयांत सुमारें ९० वर्षांपूर्वीं दाबून वाळवून ठेवलेली त्रिबिद्रागची पानें होतीं. २०११ मध्यें त्यांतील डीएनए तपासण्यांत आला, आणि तो तंतोतंत जुळला. आणखी एक योगायोग पाहावा. त्रिबिद्राग हा शब्द, अभ्यासकांच्या मतें, 'आधीं पिकणारें' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आलेला आहे. म्हणजे जोयाच्या पाद्रीबोवांनीं १७९९ मध्यें जें नांव लॅटिनमध्यें ठेवलें, तेंच नांव समुद्रापलीकडे शतकानुशतकें दुसऱ्या भाषेंत चालत होतें. दोन्ही ठिकाणच्या माणसांनीं वेलीकडे नीट पाहिलें होतें, म्हणून दोघांसहि एकच गोष्ट दिसली.

जी वेल एके काळीं डाल्मेशियाचें भूषण होती, ती ९ झाडांवर कां आली? तिच्या वाट्यास संकटें एकामागून एक आलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भुरीचा रोग युरोपभर पसरला, आणि पुढें शेतकरी अधिक कणखर अशा प्लावात्स मालीकडे वळले. कन्येनें आईची जागा घेतली. १८९४ मध्यें फायलॉक्सेरा डाल्मेशियांत पोंचला. परंतु किडीच्याहि आधीं एका कागदानें तेथील मळेवाल्यांस घेरलें होतें. डाल्मेशिया त्या काळीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होता. फ्रान्सची पेठ गमावून बसलेल्या इटलीनें १८९१ मध्यें त्या साम्राज्याशीं व्यापारी करार केला, आणि त्यांतील 'मद्याचें कलम' म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या अटीनें इटालियन मद्यावरील जकात एकदम उतरविली. पुलियाच्या पिंपांस नवी वाट मिळाली; डाल्मेशियाच्या मद्याचे भाव कोसळले. पुलियाच्या शेतकऱ्यास मिळालेला श्वास हा पलीकडच्या शेतकऱ्याच्या छातींतून काढून घेतलेला होता. डाल्मेशियाच्या बेटांवरून हजारों माणसें अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूर देशीं निघून गेलीं. त्यांतले जे कॅलिफोर्नियास पोंचले त्यांनीं तेथें झिनफांडेलच्या रांगा पाहिल्या असतील. आपल्याच आजोबांच्या मळ्यांतील वेल आपल्यापूर्वींच येथें येऊन राहिली आहे, हें त्यांस कळण्यास मार्ग नव्हता. पुलियांतूनहि पुढें असेच लोंढे निघाले. करार करणाऱ्या दोन सरकारांनीं दोन कांठांच्या गरिबांस एकमेकांचे प्रतिस्पर्धी केलें, आणि त्या दोन्ही कांठांवर उभी होती ती एकच वेल.

कूळ कळल्यावर तंटा मिटला असें वाचकांस वाटेल; पण जेथें नांवावर पैसा मिळतो तेथें सत्य कळल्यानें तंटा मिटत नाहीं. झिनफांडेल या नांवास अमेरिकेंत भाव होता, म्हणून १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कांहीं इटालियन व्यापारी प्रिमितीव्होच्या बाटलीवर तें नांव घालूं लागले. ज्यांनीं शतकभर आपलें मद्य दुसऱ्याच्या नांवानें जाऊं दिलें, त्यांस आतां दुसऱ्याचें नांव स्वतःच्या मद्यावर लावण्याचा हक्क सांगावा लागला. युरोपीय संघानें तो मान्य केला. कॅलिफोर्नियाच्या मळेवाल्यांनीं विरोध केला. आणि अमेरिकन कायद्यांत हीं दोन नांवें दोन निराळ्या जातींचीं म्हणूनच यादींत राहिलीं. शास्त्रानें एक म्हटलें तें कायद्यानें दोन ठेवलें. इकडे इटलींत 'प्रिमितीव्हो दि मांदूरिया' या नांवास १९७४ मध्येंच कायद्याचें संरक्षण मिळालें होतें, तरी त्यानें जुने मळे वांचले नाहींत. मद्य अति झालें म्हणून १९८८ च्या सुमारास युरोपीय समुदायानें वेली उपटून टाकण्यास अनुदान देऊं केलें, आणि कमी उत्पन्नाचीं, म्हाताऱ्या खोडांचीं झुडपेंच त्यांत आधीं गेलीं. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या झुडपांच्या मद्यास जगभर मागणी आली. उपटलेलें खोड मात्र पुन्हां साठ वर्षांचें करतां येत नाहीं.

आम्ही हा इतिहास सांगितला तो मद्याची थोरवी गाण्यासाठीं नव्हे. त्यांतून एक गोष्ट लक्षांत येते ती मद्याहून मोठी आहे. या वेलीविषयीं ज्यांनीं मोठ्यानें सांगितलें ते बहुतेक चुकले. ज्यांनीं ती मुकाट्यानें सांभाळली त्यांच्यामुळें खरें कळलें. काश्तेल नोव्हिच्या त्या मळ्यांत ९ वेली राहिल्या त्या कोणा सरकारच्या हुकमानें किंवा पंडितांच्या सल्ल्यानें नव्हे. तोट्याची, उत्पन्न न देणारी म्हणून त्या कधींच तोडतां आल्या असत्या; कोणी तरी त्या तोडल्या नाहींत, इतकेंच. त्या गेल्या असत्या तर प्रयोगशाळेस आई कोठें शोधावी हेंहि कळलें नसतें. आज त्याच जातीच्या काड्यांपासून डाल्मेशियांत पुन्हां नवे मळे लागले आहेत.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून हीच वेल झिनफांडेल या नांवानें आपल्या नाशिकच्या परिसरांतहि वाढत आहे. तेथें एप्रिलांत खरड छाटणी होते, पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी होते, आणि युरोपांत वेली उघड्याबोडक्या झोंपलेल्या असतात त्या दिवसांत घड तोडले जातात. ऑगस्टच्या उन्हांत सर्वांच्या आधीं पिकते म्हणून जिला दोन भाषांत एकच नांव मिळालें, तिच्या नांवाचा अर्थ या ऋतूंत उरत नाहीं. पण त्याच नाशिकच्या आसपास, आणि कोंकणांत व घांटावर सर्वत्र, भाताच्या, आंब्याच्या, वालाच्या कितीतरी जुन्या जाती अशा आहेत कीं ज्यांचें नांव आतां एखाद्या आजीच्याच तोंडीं उरलें आहे. त्यांतील कोणती कोणाची आई आहे हें आज कोणास ठाऊक? तें कधीं विचारावेसें वाटलें तर उत्तर देण्यास ती शेताच्या बांधावर उभी असली पाहिजे.